शेवटचा आकडा आधी

मी सांगलीच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या लायब्ररीत कृष्णात लाड नावाचे एक गृहस्थ कामाला होते. सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले, म्हणून सगळं कॉलेज त्यांना हवालदारच म्हणायचं. पलूसच्या पलीकडं त्यांचं गाव. थोडा ऊस, एक विहीर आणि बायको अंबूबाई. रोज सकाळच्या एसटीनं ते यायचे, नव्या मासिकांवर कॉलेजचा शिक्का मारायचे आणि दुपारी वाचनाची खोली रिकामी झाली की खिडकीपाशी बसून शिक्का मारलेलंच वाचायचे. सैन्यात सतरा वर्षं काय केलंत असं कुणी विचारलं तर "बिनतारी" एवढंच सांगायचे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत ते एक मासिक घेऊन माझ्याकडं आले. अमेरिकेतलं विज्ञानाचं मासिक. बोटीनं यायचं, त्यामुळं सहा महिने शिळं. मी एकटीच स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते.

"बाई, ह्ये जरा बघता का?"

उघडलेल्या पानावर एक संख्या छापली होती. शंभराहून जास्त आकड्यांची, ओळीच्या ओळी चाललेली.

"मी सायफरला हुतो," ते म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं असावं, कारण सांगताना त्यांनी दाराकडं पाहिलं. "निरोप आकड्यांत झाकायचा आन उघडायचा, ह्येच काम. हितं लिव्हलंय की नवी रीत निघालीया, तिच्यात किल्ली पोचवायला लागत न्हाई. मला येतं तेवढं विंग्रजी वाचलं. पर इस्वास बसंना. खरं हाय का ह्ये?"

मी मासिक घरी नेलं. दोन दिवस त्याच्याशी झोंबले. तिसऱ्या दिवशी दुपारी लायब्ररीत गेले. पंखे मंद फिरत होते, बाहेर फाल्गुनातलं ऊन पांढरं झालं होतं, आणि खोलीत आम्ही दोघंच.

"खरं आहे," मी म्हणाले.

मग त्यांना समजावलं. समजा मी दोन मूळ संख्या निवडल्या, ज्यांना एक आणि स्वतः सोडून कुणी भाग देत नाही अशा. त्या मी कुणालाच सांगायच्या नाहीत. त्यांचा गुणाकार मात्र साऱ्या जगाला सांगायचा, हवं तर भिंतीवर लिहायचा. तुम्हाला मला निरोप द्यायचाय. अक्षरांचे आकडे करा. त्या आकड्याला त्यानंच गुणा, पुन्हा एकदा गुणा, आणि माझ्या संख्येनं भागून उरेल ती बाकी तेवढी मला पाठवा. त्या बाकीवरून मूळ आकडा मलाच काढता येईल, कारण त्या दोन संख्या माझ्याकडं आहेत. आकडे मोठे असले तर गुणाकारावरून त्या शोधून काढायला दुसऱ्या कुणाला जन्म पुरायचा नाही.

हवालदार म्हणाले, "म्हंजी कुलूप समद्यास्नी वाटायचं आन किल्ली आपल्या घरात."

"अगदी बरोबर."

"किल्ली घिऊन कुणी जायाचंच न्हाई."

"नाही."

त्यांनी शिक्क्याच्या शाईची डबी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. "मला करून बघायचंय बाई. हातानं."

मासिकात हे सगळं कॉम्प्युटरवर करायचं म्हटलं होतं. मी कॉम्प्युटर फोटोत पाहिला होता. संख्याशास्त्राच्या लोकांकडं हँडल फिरवून गुणाकार करायचं यंत्र होतं, पण ते कपाटात असायचं आणि कपाट नेहमी बंद. तेव्हा हातानंच. मी नऊ आकड्यांची एक संख्या तयार करून दिली. चार अक्षरं, म्हणजे काना-मात्रा वेगळे धरून चार खुणा, एका ठोकळ्यात मावतील एवढी. झाकायला दोन गुणाकार आणि दोन भागाकार.

"आन उघडायला?"

"पंचेचाळीस गुणाकार, पंचेचाळीस भागाकार. एका ठोकळ्याला."

ते हसले. "निरोप उघडंस्तवर लढाई संपली की."

पण त्यांनी केलं. लायब्ररीच्या रद्द झालेल्या कार्डांच्या पाठीवर, बारीक, सरळ, सैन्यातल्या अक्षरात. गुणाकार त्यांना जड जात नव्हता. भागाकार जायचा. नऊ आकडी संख्येनं अठरा आकडी संख्येला भागायचं म्हणजे डोक्याकडून सुरुवात: कितीचा भाग जाईल याचा अंदाज करायचा, गुणून बघायचं, एकानं चुकला की खोडायचं, पुन्हा. पहिला ठोकळा झाकायला त्यांना चार दिवस लागले. उघडायला घेतला तो मार्चअखेरपर्यंत उघडलाच नाही. कुठंतरी सव्विसाव्या गुणाकारात चूक होती आणि पुढचं सगळं त्या चुकीवर उभं होतं.

मी म्हटलं, झालं एवढं पुरे. तत्त्व कळलं ना?

"तत्त्व कळलं, पर आवरंना झालंया." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "डोळा मिटला की आकडं दिसत्यात. अंबू म्हंती, झोपंत मोजता. जागं हाय का झोपलोय तेच कळंना बघा. परवा उसात उभा हुतो तर समद्या सऱ्या आकड्यांच्या. मी एकेक पुसत चाललोय. आन पुसल्याली जागा परत भरत न्हाई, मोकळीच ऱ्हाती. लय बरं वाटत हुतं."

मला त्या वेळी ते नुसतं थकलेल्या माणसाचं बोलणं वाटलं.

एप्रिलच्या सुरुवातीला, परीक्षा चालू असताना, ते माझ्यासमोर एक कार्ड ठेवून उभे राहिले. त्यावर अगदी लहान हिशेब होता.

"बारकं करून दावतो. सदतीस ही भागायची संख्या. अठ्ठावीस गुणिले एकोणतीस, आठशे बारा. आता डोक्याकडनं भागायचं न्हाई. शेपटाकडनं बघायचं. शेवटी दोन हाय. सदतिसाचा पाढा म्हना. शेवटी आठ कुठं येतो?"

"सदतीस चोक अठ्ठेचाळाशे."

"एकशे अठ्ठेचाळीस. ती आठशे बारांत घाला. नऊशे साठ. शेवटी शून्य आलं. सोडून द्या. ऱ्हायलं शहाण्णव. आता शेवटी सहा. सदतीस दुणे चौऱ्याहत्तर, शेवटी चार. घाला. एकशे सत्तर. शून्य सोडा. सतरा. संपलं." ते जरा पुढं वाकले. "अंदाज करायलाच लागत न्हाई बाई. शेवटचा आकडा बघितला की कितीपट घालायची ते ठरल्यालंच हाय. खोडायचं काम न्हाई. हात आपापला चालतो. उसाच्या बांधावर दुपारी पडलो हुतो, डोळा लागला हुता का न्हवता ठावं न्हाई, आन बघतोय तर मी शेपटाकडनं पुसत चाललोय."

मी मनात खरा भागाकार करून पाहिला. "पण हवालदार, हे चुकलंय. आठशे बाराला सदतीसनं भागलं तर बाकी पस्तीस उरते. तुमची सतरा आली."

"व्हय. चुकतंय," ते शांतपणे म्हणाले. "पर दर बारीला सारखंच चुकतंय."

त्या वाक्यानंतर मी जी बसले ती पेपर सुटल्याची घंटा मला ऐकूच आली नाही. खरंच होतं. शून्य सोडणं म्हणजे दहानं भागणं. दोन शून्यं सोडली की उत्तर शंभराच्या भागानं चुकतं, कमी नाही, जास्त नाही. सतराला शंभरानं गुणून सदतीसनं भागा, पस्तीस उरतात. चूक होती, पण नेमाची होती. आणि नेमाची चूक दुरुस्त करता येते. एवढंच की दर गुणाकारानंतर दुरुस्त करत बसायचं तर वाचलेला वेळ पुन्हा त्यातच जाणार.

त्या दिवशी आम्ही दोघं कॉलेज सुटल्यावर हरिपूरला गेलो. माझी एक मावशी तिथं असायची, तिला औषध द्यायचं होतं. हवालदारांची एसटी चुकली होती आणि पुढची साडेसहाला होती. औषध देऊन आम्ही संगमावर आलो. नावाडी पलीकडं माणसं सोडत होता. कृष्णा आणि वारणा एकमेकींत मिसळतात तिथं पाणी दोन रंगांचं दिसतं आणि जरा पाहत राहिलं तर कोणतं कुठलं ते कळेनासं होतं. पायऱ्यांवर बसल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्हाला हे एवढं का हवंय?"

त्यांनी सांगितलं ते तिथं, पाण्याकडं बघत.

दहा वर्षांपूर्वी ते पूर्वेकडच्या डोंगरांत एका चौकीवर होते. तिथली किल्ली म्हणजे एक वही. पानापानावर आकडे छापलेले. तशीच दुसरी वही खाली मुख्यालयात. एक निरोप गेला की वापरलेलं पान फाडून जाळायचं. वही संपत आली की नवी मागवायची, आणि ती माणसानंच हातोहात आणायची. टपालानं नाही, बिनतारीवरून नाही.

"वही संपाय आली तवा शेवटच्या दोन पानांवर मीच निरोप झाकून धाडला. किल्ली संपली, नवी पाठवा. सिद्धू निघाला घिऊन. माण तालुक्यातला. माझ्याच तुकडीतला, लय जिवाभावाचा गडी. वाटंत नदी हुती. जीप वाहून गेली." त्यांनी पायरीवरचा एक खडा पाण्यात टाकला. "त्याच्याजवळ बातमी न्हवती बाई. लढाई न्हवती, काय न्हवतं. नुसती किल्ली. बातमीसाठी माणूस जातो, ते मला समजतं. ह्यो किल्लीपायी गेला. आन मागणी माझ्या हातची."

नाव अलीकडं येत होती. नावाड्यानं आम्हाला हात केला, येता का म्हणून, आणि का कोण जाणे आम्ही उठून बसलो. आम्हाला पलीकडं काहीच काम नव्हतं. ऊन उतरलं होतं. पाण्यावर पिवळसर धूर असल्यासारखं दिसत होतं, काठ पुसट झाले होते. वल्ह्याचा आवाज एका लयीत येत होता. माझे डोळे जड झाले. मधोमध, दोन्ही काठ सारखेच लांब असताना, मनात आलं: दर वेळी परत कशाला आणायचं? सगळे आकडे आधीच पलीकडं नेऊन ठेवू. काम तिकडंच करू.

मी पर्समधून वही काढली. अठ्ठावीसला शंभरानं गुणून सदतीसची बाकी घेतली: पंचवीस. एकोणतीसचे तसेच चौदा. आता गुणले ते पंचवीस आणि चौदा. साडेतीनशे. शेपूट पुसलं: पस्तीस, मग बावीस. हे बावीस पलीकडच्या काठाचं उत्तर. ते इकडं आणायला वेगळं काही करावंच लागत नव्हतं. गुणाकार न करता नुसतं आणखी एकदा शेपूट पुसायचं. बावीसचे सतरा झाले, सतराचे पस्तीस.

"हवालदार, पस्तीस आले."

त्यांनी वही घेतली, ओठ हलवत दोनदा तपासली. मग एकदम मान वर केली. "म्हंजी असं. दर आकड्यावर एक घोंगडं घालायचं. दोघांला गुणलं की दोन घोंगडी झाली. शेपूट पुसताना एक निघतंय. एक ऱ्हातंय. परत गुणायला तयार. समद्यात शेवटी ते बी काढायचं."

"असंच."

"तुमी काढलं ह्ये."

"तुम्ही काढलं. मी घोंगडं घातलं."

नावाडी आमच्याकडं वळून पाहत होता. काठ लागला तरी आम्ही उतरलो नव्हतो. त्याच नावेनं परत आलो आणि हवालदारांची साडेसहाची एसटीही गेली.

त्यानंतरचा महिना कसा गेला ते मला नीट आठवत नाही. एखाद्या लांब दुपारच्या झोपेसारखा तो मनात राहिलाय. आमच्या नऊ आकडी संख्येचा एक ते नऊपर्यंतचा पाढा हवालदारांनी पुठ्ठ्यावर लिहून काढला. त्या पुठ्ठ्यावर डोळा ठेवून ते गुणाकार मांडतानाच उजवीकडून शेपूट पुसत जायचे. अठरा आकड्यांची लांब संख्या कधी कागदावर उमटायचीच नाही. एक गुणाकार बारा-पंधरा मिनिटांत. तो अडकलेला ठोकळा एप्रिल संपायच्या आत उघडला. त्यात त्यांनी झाकलेलं "बैल" हे अक्षराला अक्षर बाहेर आलं, तेव्हा ते लायब्ररीत उभे राहून कुणाला तरी सलाम करावा तसे ताठ झाले.

मे संपता संपता मला महाबळेश्वरला जावं लागलं. गणिताच्या शिक्षकांसाठी तीन आठवड्यांचा वर्ग होता. हंगाम उतरला की खोल्या स्वस्तात मिळतात, म्हणून असले वर्ग नेमके त्या वेळी तिथं भरायचे. निघताना मी दोन नव्या मूळ संख्या निवडल्या आणि गुणाकार हवालदारांना दिला. "आता खरं करून बघू," मी म्हणाले. "तुम्ही पोस्टाचं कार्ड टाका. उघडं, पाकीट नको."

पहिल्याच आठवड्यात धुकं आलं. ते खिडकीतून आत यायचं, खाटेवर बसायचं, वहीचं पान ओलसर करायचं. भिंतींना पावसाळ्यासाठी गवताची झडपं लावून झाली होती, त्यामुळं खोलीत दिवसाही सांजवेळेसारखा उजेड असायचा. शेजारच्या खोलीतल्या बाई खोकल्या की त्या कुठंतरी फार लांब खोकताहेत असं वाटे. अशात हवालदारांचं कार्ड आलं. वर माझा पत्ता, खाली नऊ-नऊ आकड्यांच्या चार संख्या, आणि "अंबूचा नमस्कार". पोस्टमननं ते दोन्ही बाजूंनी पाहून दिलं.

"लॉटरीचे नंबर का हो बाई?"

चार ठोकळे म्हणजे एकशे ऐंशी गुणाकार. वर्ग संपला की मी खिडकीशी बसायची. शेवटचा आकडा बघा, पाढ्यातली ओळ घाला, शून्य सोडा. शेवटचा आकडा बघा. काही वेळानं हात माझा राहायचा नाही. धुक्यात झाडं अर्धी दिसायची आणि मग दिसायची नाहीत, आणि मला वाटायचं की उजवीकडून कुणीतरी तीही पुसत येतंय, हळूहळू, न खोडता. त्या दिवसांत मी फार सुखात होते. एवढं सांगते आणि पुढं जाते.

पाचव्या दिवशी पहिला ठोकळा उघडला. र, काना, ह, दुसरी वेलांटी. राही. मला वाटलं, राहील, राहीन, असं काही असेल. दुसऱ्या ठोकळ्यात "लासा" आलं. मग तिसरा. बाराव्या दिवशी चौथा उघडला आणि निरोप पुरा झाला.

राहीला सांगू का.

सिद्धूच्या बायकोचं नाव राहीबाई होतं. हरिपूरला त्यांनी ते एकदाच ओझरतं घेतलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस दहा वर्षांत तिच्याकडं गेलेला नाही. आणि आता जायचं तर सांगायचं काय? की तुझा नवरा जे पोचवताना गेला ते पोचवायची आता गरजच राहिली नाही? हे सांत्वन आहे की जखमेवर मीठ? तोंडानं मला विचारायला त्यांना जड गेलं असणार. म्हणून एकशे ऐंशी गुणाकारांच्या आड ठेवून विचारलं.

हो म्हणावं की नाही, ते मला ठरवता येईना. दोन दिवस मी धुक्यात बसून राहिले. शेवटी साधं कार्ड लिहिलं, कुणालाही वाचता येईल असं: "वर्ग संपत आला. शनिवारी साताऱ्याला उतरते. सकाळी दहाला स्टँडवर या. दोघं जाऊ."

ते आले. धुतलेला पायजमा, काळी टोपी, हातात पिशवीत पुठ्ठा आणि कोरी कार्डं. आम्ही दहिवडीची एसटी धरली. साताऱ्याची हिरवळ मागं पडली, डोंगर उघडे होत गेले, आणि माणमध्ये उतरलो तेव्हा आभाळ नुसतं मोठं होतं. पावसाचा पत्ता नव्हता. मेंढरं कोकणातून परत आली होती. लांबवर त्यांचा धुरळा हलत होता.

राहीबाई घरापुढं लोकर पिंजत बसली होती. पन्नाशीकडं झुकलेली, सडपातळ. हवालदारांनी नाव सांगितलं. तिनं हातातलं काम ठेवलं नाही.

"कृष्णात. त्येंच्या पत्रात नाव असायचं तुमचं. दहा वरसं लागली व्हय यायला?"

"लागली खरी वैनी."

तिनं सुनेला हाक मारली, "मने, पानी आन." वीस-बावीस वर्षांची एक मुलगी तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. हवालदार पाणी न पिताच बोलायला लागले. वही, शेवटची दोन पानं, मागणीचा निरोप, नवी रीत. सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाले, "किल्लीपायी गेला त्यो. आन मागवली मी. आता कळतंय, किल्ली न्यायला लागतच न्हाई. हे तवा आसतं तर..."

"तवा का न्हवतं?"

"तवा कुणाला सुचलं न्हवतं."

राहीबाईनं लोकरीतली एक कुसळ काढून बाजूला टाकली. "किल्लीपायी गेला, ह्ये तुमाला कुणी सांगितलं? त्यो नदीपायी गेला. नदीला पानी हुतं, त्यो गेला. तुमची किल्ली नसती तर मीठ आनाया गेला आसता, न्हाई तर कुनाचं कार्ड टाकाया. घटकाभर बसवत न्हवतं त्येला एका जागी. मेंढराच्या मागं बी सगळ्यांच्या म्होरं." तिनं हवालदारांकडं पाहिलं. "तुमी दहा वरसं ह्येच घिऊन बसला हुता?"

हवालदारांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. राहीबाईनं आता काम ठेवलं, तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला आणि ते पाणी पिईपर्यंत समोर उभी राहिली.

मग तिनं मला विचारलं, "बाई, ते कुलुपाचं खरं हाय? मधल्याला वाचून बी कळत न्हाई?"

"खरं आहे."

"माजा ल्योक मुंबईला हाय, मिलमधी. कार्ड धाडतो. पोस्टमन वाटंनंच वाचत येतो. ही मनी सातवी शिकल्याली, पर तिच्या आधी समद्या गावाला ठावं आसतं नवऱ्यानं काय लिव्हलंय. पाकिटातलं पत्र बी मधी कुनी ना कुनी फोडतंच." तिनं सुनेकडं पाहिलं. "हिला शिकीवशीला?"

मनीनं पदर तोंडावर घेतला, पण आत गेली नाही.

हवालदार डोळे पुसत पिशवीतून कार्डं काढायला लागले. त्या दुपारी पडवीत बसून त्यांनी मनीला सदतिसाचं गणित घातलं. ती हुशार होती. शून्य कुठं जातं, असं एकदाच विचारलं तिनं. "सोडून द्यायचं" म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही. ऊन उतरायच्या आत ती आमच्याकडं न बघता शेपटाकडून पुसत चालली होती आणि आपल्या दोन संख्या आपणच कशा निवडायच्या आणि मुंबईच्या नवऱ्याला हे कसं समजावायचं ते हवालदार वेगळ्या कागदावर लिहीत होते. नऊ आकडे त्यांनी सहावर आणले. कुणी गणिती चिकाटीनं बसला तर आठवडाभरात फोडील, मी म्हणाले. "पोस्टमन गणिती न्हाई," राहीबाई म्हणाली.

सांगलीला परतल्यावर मी या रीतीवर आठ पानी टिपण लिहिलं आणि एका गणिताच्या नियतकालिकाला पाठवलं. चार महिन्यांनी ते परत आलं. मांडणी बरोबर आहे, उपयोग स्पष्ट होत नाही, असा शेरा होता. हवालदारांना दाखवलं. त्यांनी त्यावर लायब्ररीचा शिक्का मारून ते फायलीला लावलं. त्या वर्षापासून दर महिन्याला एक रविवार ते माणला जायचे, कधी अंबूबाईला घेऊन, आणि सोमवारी कामावर तरतरीत यायचे. आकडे मोजत झोपणं बंद झालंय, असं अंबूबाईनं मला सांगितलं.

मनीच्या कार्डांचं त्यांच्याकडूनच कळायचं. वर नेहमीचं, सगळे खुशाल, मेंढरं बरी, पाऊस नाही. खाली सहा-सहा आकड्यांच्या दोन-तीन संख्या. एवढ्यात एकच शब्द मावतो. तो उघडायला मुंबईत चाळीच्या खोलीत, पाळी संपल्यावर, नवऱ्याला दोन-तीन दिवस लागायचे. मग त्याचा एक शब्द यायचा आणि मनी पडवीत बसायची. महिन्याला एक शब्द इकडून, एक तिकडून. पोस्टमननं पहिले काही महिने चौकशी केली आणि मग सोडून दिली.

एकदा मी हवालदारांना विचारलं, काय लिहितात हो ती दोघं?

"मला काय ठावं?" ते म्हणाले. "त्येंच्या आपापल्या दोन संख्या त्येंनी मला बी सांगितल्या न्हाईत."